पाठमोरी

"ताई, इथं उभं नका ना राहू. गिऱ्हाईक येतंय," कॉफीवालीनं पुन्हा एकदा सांगितलं.

ताईनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि लोखंडी खांबाला आणखीच चिकटून उभी राहिली. दरवर्षी हा खांब मोकळा असायचा. यंदा महोत्सववाल्यांनी खाण्यापिण्याचे ठेले मैदानाच्या मध्यापर्यंत आणले होते आणि कॉफीच्या ठेल्याची ताडपत्री नेमकी याच खांबाला बांधली होती.

"मी वाट बघतेय कुणाची तरी," ताई म्हणाली.

"मग फोन लावा की. म्हणावं, कॉफीच्या ठेल्यामागं या."

"त्याच्याकडे फोन नाही."

"फोन नाही? जंगलात राहतो की काय?" कॉफीवाली हसली.

ताईही जराशी हसली. "म्हणजे, माझ्याकडे नंबर नाही."

"मग कसे हो सापडणार तुम्ही एकमेकांना? बघताय ना, मुंगीला जागा नाही." तेवढ्यात पातेल्यातलं दूध वर आलं आणि ती तिकडे धावली. धावता धावता म्हणाली, "आणि तोंड तरी तिकडे करा. सगळं जग स्टेजकडे बघतंय, तुम्ही एकट्या उलट्या!"

ते खरंच होतं. हजारो माणसं रंगमंचाकडे तोंड करून बसली होती, उभी होती, टाचा उंचावत होती. ताई मात्र रंगमंचाकडे पाठ करून उभी होती आणि लोकांचे चेहरे बघत होती. इतकी वर्षं ती या महोत्सवाला येत होती, पण गाणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा तिनं धड पाहिलेला नव्हता. गाणं कसं झालं हे तिला ऐकणाऱ्यांवरून कळायचं. सूर लागला की माणसांचे ओठ किंचित उघडायचे. काही जण डोळे मिटायचे. एखादी बाई मध्येच खाली बघायची आणि बराच वेळ वर बघायचीच नाही. गाणं बेताचं असलं की लोक पिशव्या उघडायचे, पोरांचे मोजे वर ओढायचे. ताईच्या कानांना त्यातलं फारसं काही कळत नव्हतं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दिवसभर यंत्रावर काचा घासून घासून तिचे कान तसेही बोथट झाले होते. पण चेहरे तिला पाठ होते.

गाण्याचं वेड होतं ते धाकट्याला. घरात त्याला भुंगा म्हणायचे, कारण पाळण्यात असल्यापासून तो गुणगुणायचा. जेवताना गुणगुणायचा, दात घासताना गुणगुणायचा, परीक्षेत गुणगुणला म्हणून एकदा वर्गाबाहेर काढला गेला होता. वडील लवकर गेले. आई शिवणकाम करायची आणि मशीनच्या आवाजावर भुंग्याची गुणगुण, असं ते घर होतं. ताई त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. सगळं जग तिला ताई म्हणायचं, तो एकटा 'तायडे' म्हणायचा, आणि तेही असं खेचून, की ती चिडलीच पाहिजे.

त्या वर्षी तो एकोणीस वर्षांचा होता. "एकदा तरी चल गं तायडे. रेडिओवर ऐकणं म्हणजे फोटोतलं जेवण," असं म्हणून म्हणून त्यानं तिला या मैदानावर आणलं. ताईनं हौसेनं नवे बूट घातले होते आणि ते चावत होते. पुढे जाऊ या म्हणून तो मागे लागला, ही खांबाला टेकून उभी राहिली ती राहिलीच. पहिला गायक उठला, दुसरा बसायचा होता. भुंगा म्हणाला, "पाणी घेऊन येतो. हलू नकोस हं इथून. नाहीतर मला सापडायची नाहीस."

"जा रे बाबा, ये लवकर."

"आलोच."

मागच्या बाजूला, पाण्याच्या टाक्यांकडे तो गेला. त्याची हिरवी पट्ट्यांची पाठ गर्दीत थोडी दिसली, मग दिसेनाशी झाली. दुसरा गायक गाऊन उठला, तिसरा उठला, लोक उठले, दिवे गेले. ताई खांबाजवळ उभी होती.

पुढचं सगळं ज्यांचं माणूस हरवतं त्यांना माहीत असतं. पोलिसांनी विचारलं, भांडण झालं होतं का, मुलीबिलीची भानगड होती का. नव्हती. दवाखाने झाले, शवागारं झाली. एका पांढऱ्या चादरीखालचा चेहरा बघून ताईला आनंद झाला होता, तो त्याचा नाही म्हणून, आणि मग त्या कुणाच्या तरी पोराची आठवण येऊन ती रस्त्यात ओकली होती. कुणी सांगे, दूरच्या बंदरावर बघितला. कुणी सांगे, एका ट्रकवर होता. आई प्रत्येक ठिकाणी जाऊन आली. त्याचा दोरीवर वाळत घातलेला सदरा तिनं कितीतरी दिवस काढू दिला नाही. शेवटी वाऱ्यानंच तो कुठे तरी नेला, आणि त्यावरून मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. जणू सदऱ्यावर नीट लक्ष ठेवलं असतं, तर.

दुसऱ्या वर्षी महोत्सव आला तेव्हा ताई न सांगता खांबाजवळ जाऊन उभी राहिली. तो म्हणाला होता, हलू नकोस. परत आली तेव्हा आईनं दारातच विचारलं, "दिसला?"

"गर्दी फार होती गं," ताई म्हणाली.

नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं. मग दरवर्षी तेच झालं. आईनं विचारायचं, दिसला? ताईनं म्हणायचं, गर्दी फार होती. त्या उत्तरात वर्षभर पुरेल एवढी जागा राहायची.

लग्न तिनं उशिरा केलं. नवरा नळाच्या मीटरचे आकडे घ्यायला घरोघर फिरणारा, पहिली बायको आजारात गेलेला, अबोल माणूस. लग्नाआधी एका चहाच्या दुकानात बसून ताईनं त्याला सगळं सांगितलं, खांबाचं, मैदानाचं, दोन दरवाज्यांचं. आणि वर सांगितलं, की वर्षातले महोत्सवाचे दिवस माझे असतील, त्यात कुणी बोलायचं नाही. तो सगळं ऐकून "बरं" म्हणाला. त्याचं सगळं बोलणं असंच. आई आपल्याबरोबर राहील, म्हटल्यावर बरं. मूल आता होईलसं वाटत नाही, म्हटल्यावर कपातला उरलेला चहा संपवून बरं. महोत्सवाच्या दिवसांत तो सकाळीच डबा घेऊन बाहेर पडायचा. "वसुलीचे दिवस आहेत, उशीर होईल," म्हणायचा. ताईला ते बरंच वाटायचं. निघताना कुणी दारात उभं राहून आपल्याकडे बघू नये, असं तिला वाटे.

यंदा उन्हाळ्यात आई गेली. जायच्या आधी तिचं बोलणं तुटक झालं होतं, पण एका दुपारी तिनं ताईचा हात धरून अगदी स्वच्छ सांगितलं, "आता तू उभी राहू नकोस. पाय दुखतात तुझे."

"बरं," ताई म्हणाली. नवऱ्याचा शब्द तिच्या तोंडी बसला होता.

आणि तरी ती आली होती. का आली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. घरी परत गेल्यावर दारात विचारणारं कुणी नाही, हे तिला गेले आठ दिवस टोचत होतं. आई होती तोवर निदान वाट बघणारी दोन माणसं होती. आता मी नाही गेले, तर भुंगा हरवलेलासुद्धा राहणार नाही, असं काहीतरी तिच्या मनात येई.

म्हणून ती चेहरे बघत होती. तो आता चाळिशी ओलांडलेला असणार. मनातल्या मनात तिनं त्याला दरवर्षी वाढवत आणलं होतं. कानशिलांवर पांढरे केस दिले होते, थोडं पोट दिलं होतं. तीन-चार वर्षांपूर्वी जवळचा चष्माही लावला होता. त्या वयाच्या माणसांच्या काचा घासताना हा नंबर त्याचा असेल का, असं वाटून तिचे हात मंदावत. मैदानात तर विचारूच नका. प्रत्येक तिसरा माणूस दुरून तोच असायचा. मानेची ठेवण तीच, चालणं तेच. जवळ येता येता त्याच्यातून भुंगा निघून जायचा आणि भलताच कुणीतरी उरायचा, आणि तो भलता माणूस तिच्याकडे बघून, ही बाई अशी का बघतेय, म्हणून नजर चुकवायचा. एका दुपारीत शंभरदा तो तिला दिसायचा आणि शंभरदा हरवायचा.

रंगमंचावर कुणीतरी व्हायोलिन वाजवत होतं. चांगलं वाजवत असणार, कारण समोरच्या रांगेतल्या एका आडदांड माणसानं तोंडावर हात दाबून धरला होता. सूर लांबत लांबत बारीक झाला आणि थांबला. टाळ्या वाजायच्या आधी असा एक क्षण येतो, सगळं मैदान श्वास धरून असतं. त्या क्षणात, गर्दीच्या पार त्या टोकाकडून, हाक आली.

"तायडेऽऽ!"

खेचलेली. चिडवणारी.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला, पण ताईचे पाय आधीच निघाले होते. तिनं खांब सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कार्यक्रम चालू असताना, तिनं खांब सोडला. कॉफीवाली मागून काहीतरी ओरडली. ताई माणसांतून वाट काढत, कुणाच्या पायावर पाय देत, कुणाचा पाण्याचा पेला सांडत चालली होती. "अहो बाई, बघा की जरा!" कुणीतरी खेकसलं. तिला हाक पुन्हा ऐकू आली, आता जवळून. "तायडे, इकडे!"

तो विशीतला पोरगा होता. कुरळे केस, लाल स्वेटर. त्याच्या हाकेसरशी टोपी घातलेली एक मुलगी हातात दोन पुड्या घेऊन धावत आली आणि त्याच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाली, "केवढ्यानं ओरडतोस! लोक बघतात ना."

ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. तिला श्वास पुरत नव्हता.

"काय झालं मावशी?" पोरगा म्हणाला. "पाणी देऊ का?"

"नको, नको. पाणी नको."

"कुणी हरवलंय का तुमचं?" मुलीनं विचारलं.

ताईनं तिच्याकडे बघितलं. कानांवरून ओढलेली टोपी, पुडीतलं मीठ लागलेली बोटं. "नाही गं," ती म्हणाली. "हाक ऐकली. मला वाटलं, मला मारली."

ती दोघं निघून गेली. जाताना मुलगी मागे वळून वळून बघत होती.

ताई कुठे येऊन पोचली होती हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. मैदानाची ही मागची बाजू. इथं पूर्वी पाण्याच्या टाक्या होत्या, आता पत्र्याची भिंत होती आणि त्या भिंतीत दुसरा दरवाजा. इकडे रंगमंच दिसत नव्हता. गाण्याचे शब्दही येत नव्हते, नुसता ठोका पत्र्यावर थरथरत होता. लोक आत येत होते, बाहेर जात होते. आणि दरवाज्याच्या कडेला, एका पालथ्या क्रेटवर, नळखात्याचं निळं जाकीट घातलेला तिचा नवरा उभा होता.

तिला आधी वाटलं, हाही आपल्या डोळ्यांचा खेळ. दिवसभर माणसं कुणाची कुणीतरी होत होती, तसंच. पण तो तोच होता. बगलेत डब्याची पिशवी होती. येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचा चेहरा तो बघत होता, एक झाला की दुसरा, घाई न करता, मीटरवरचा आकडा वाचावा तसा. म्हातारे सोडून देत होता, पोरं सोडून देत होता. चाळिशीचा कुणी आला की क्रेटवरून थोडा वाकत होता. ताई किती वेळ ते बघत राहिली कोण जाणे. मग त्याची नजर तिच्यावर आली.

तो घाईघाईनं खाली उतरला. चोरी पकडली गेल्यासारखा.

"तू इकडे कशी?"

"तुम्ही इथं काय करताय?"

त्यानं डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "उभा आहे."

"वसुली होती ना?"

"वसुली मार्चात असते."

"कधीपासून?"

"आपलं लग्न झालं त्या वर्षापासून." तो दरवाज्याकडे बघत बोलत होता. बोलतानाही त्याचं काम चालूच होतं. "तू म्हणाली होतीस, मैदानाला दोन दरवाजे आहेत. मी म्हटलं, एका माणसाला दोन दरवाजे कसे दिसणार?"

"मला सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस."

ते खरं होतं. ताई पालथ्या क्रेटवर बसली. तिच्या पायांत गोळे आले होते.

"आईला माहीत होतं," तो म्हणाला. "फोटो त्यांनीच दिला. तू स्वयंपाकघरात गेलीस की मलाही विचारायच्या, दिसला का म्हणून."

"मग? काय सांगायचात?"

"सांगायचो, त्या दरवाज्यानं तरी गेला नाही." मग तो म्हणाला, "एकदा एकाला हाक मारली होती मी. भुंगा म्हणून. तो थांबला. मी क्रेटवरून खाली उतरलो. तर त्याच्या बुटात खडा गेला होता. काढला आणि गेला निघून."

ताईला हसू आलं की काय, तिचं तिलाच कळेना.

"मीटरसाठी कुणी दार उघडलं, तरी आधी चेहराच बघतो," तो म्हणाला. "सवयच लागलीये. पण मी काही त्याला पाहिलेला नाही. फोटोतला तर पोरगाच आहे. आपला दरवर्षी एकेक वर्षानं वाढवत गेलो. आता टक्कल पडलं असेल त्याला."

"टक्कल?"

"तुझ्या वडलांना होतं ना. फोटोत दिसतं."

"अहो, त्याचे केस आईवर गेले होते. एवढे दाट! कंगवे मोडायचा."

नवऱ्याचा चेहरा उतरला. दरवाज्यातून माणसं येत राहिली, दाट केसांची, विरळ केसांची. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचाच माणूस शोधत होतो."

ताई हसली. अगदी पोटातून, अनावर. तिला हसताना बघून तोही कसनुसा हसला. "मी तर त्याला चष्मा लावलाय," ती म्हणाली, आणि तो म्हणाला, "चष्म्याचं मला सुचलंच नाही बघ," आणि ती आणखी हसली. आणि मग हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडू लागली. आईच्या वेळी रडली नव्हती, शवागारात रडली नव्हती, तशी. येणारे-जाणारे तिच्याकडे बघत पुढे जात होते. नवरा तिच्यासमोर गर्दीकडे पाठ करून उभा राहिला, जाकीट पसरून, ती कुणाला दिसू नये म्हणून. दरवाज्यातून कोण येतंय, कोण जातंय, हे तेवढा वेळ कुणीच बघत नव्हतं.

"घरी जाऊ या?" त्यानं विचारलं.

तिनं नाक पुसलं. पत्र्यावरचा ठोका बदलला होता, संथ झाला होता. "कोण गातंय हो?"

"काय माहीत. इथं नुसतं धबधब येतं. मी एकही गाणं धड ऐकलेलं नाही."

"मीही बघितलेलं नाही," ताई म्हणाली. "चला, बसू या थोडं."

ती दोघं कडेकडेनं पुढे गेली. जाजमावर मागच्या बाजूला थोडी जागा होती. एका कुटुंबानं सरकून घेतलं. ताईनं चपला काढून मांडीखाली घेतल्या आणि मान वर केली.

रंगमंच तिला वाटला होता त्यापेक्षा लहान होता. पिवळ्या उजेडात एक ठेंगणी बाई बसली होती, चष्मा नाकावर घसरलेला, एक हात मांडीवर, दुसरा हवेत. एवढ्याशा बाईच्या गळ्यातून ते सगळं येत होतं. सूर वर चढला तेव्हा तिच्या मानेची शीर ताठ झाली, आणि ताईला एकदम वाटलं, हिला हे करताना दुखत असणार. शब्द साधेच होते, घरातून उठून गेलेल्या पाहुण्याबद्दलचे. ताईनं ते ऐकले. मान वळवावी, मागची माणसं बघावीत, अशी सवयीची ओढ तिच्या मानेत दोन-तीनदा आली. दरवेळी मान आखडल्यासारखी झाली आणि दरवेळी तिनं ती पुढेच ठेवली. शेजारी नवरा तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता. त्याचे ओठ तसे उघडलेले तिनं कधी पाहिले नव्हते.

अंधार पडायच्या आत महोत्सव उरकायचा, असा अलीकडे मैदानाचा नियम झाला होता. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, लोक उठले. पोरांच्या टोप्या शोधल्या गेल्या, पिशव्या झटकल्या गेल्या. दोन्ही दरवाज्यांकडे गर्दी वाहत गेली आणि हळूहळू आटली. ती दोघं बसून होती. उठायची घाई कुणालाच नव्हती.

कामगार पुढून जाजमं गुंडाळत आले. बाकी सगळी झाल्यावर त्यातला मोठा माणूस अवघडून म्हणाला, "ताई, काका, जरा उठता का? एवढंच राहिलंय."

"हो, हो." नवरा उठला, त्यानं हात देऊन तिला उठवलं. ताईनं चपला घातल्या. पण ती गेली नाही. वाकून तिनं जाजमाचं एक टोक धरलं.

"राहू द्या हो ताई. धूळ आहे."

"असू दे. हे टोक मी घेते."

नवऱ्यानं डबा बाजूला ठेवला आणि मधली कड धरली. कामगारानं दुसरं टोक धरलं. जाजम जड होतं, दिवसभराच्या माणसांची ऊब अजून त्यात होती. तळहातांनी दाबत, थोडं थोडं पुढे ढकलत, ती तिघं गुंडाळत निघाली. मागे गवत उघडं पडत गेलं, दबलेलं, फिकट, आडवं झालेलं. मध्येच कंबर सरळ करायला ताई उभी राहिली. रिकाम्या मैदानावरून तिनं एकदा नजर फिरवली.

मग ती पुन्हा वाकली.